वायुपिस्तुलाची निगा आणि निदान

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, सर्पदंश अशा विषयांवर दरवर्षी विद्वत्तापूर्ण लेखन होत असते. त्या पंक्तीत वायुपिस्तुलाची निगा हा विषय काहीसा विजोड वाटेल, हे मी जाणून आहे. तथापि मोहगावात दवाखाना चालविताना माझ्या टेबलावर अधूनमधून स्टेथोस्कोपच्या शेजारी एखादे पिस्तूलही येऊन पडते. २०२४ साली पॅरिस येथे मनू भाकर हिने दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि त्याच स्पर्धेत कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे याने रायफल प्रकारात कांस्यपदक पटकाविले. तेव्हापासून माझ्या परिचयाच्या दोन-तीन घरांतील मुलांनी हा खेळ मनावर घेतला आहे. त्यांचे पिस्तूल बिघडले की दुरुस्तीसाठी थेट नागपूर गाठावे लागते. मला या यंत्राची पूर्वीपासून आवड असल्याने ते आधी माझ्याकडे येते. त्यातून जमलेले अनुभव येथे मांडीत आहे. डॉक्टर वाचकांना यातील बरेचसे शास्त्र भूलयंत्राच्या निमित्ताने आधीच ठाऊक आहे, फक्त ते पिस्तुलाला लागू पडते हे सहसा लक्षात येत नाही.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. या पिस्तुलात दारू नसते. साठविलेला वायू एका झडपेमागे दाबून धरलेला असतो. चाप ओढला की घोडा त्या झडपेच्या दांडीवर आपटतो, झडप क्षणार्धासाठी उघडते, आणि सुटलेला वायू ४.५ मिलिमीटर व्यासाच्या, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाच्या शिशाच्या छर्‍याला नळीतून पुढे ढकलतो. छर्‍याचा वेग सेकंदाला १५० मीटर धरला, तर त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास येते. दहा मीटरवरील कागदाला छिद्र पाडण्यास ती पुरेशी आहे. डोळा फोडण्यासही ती पुरेशी आहे, हे आपल्यापैकी नेत्रतज्ज्ञांना सांगावयास नको.

आता मुख्य मुद्दा. ही पिस्तुले दोन जातींची असतात. एका जातीत कार्बन डायऑक्साइड असतो, बहुधा १२ ग्रॅमच्या पोलादी कुपीत. दुसर्‍या जातीत साधी हवा २०० बारपर्यंत दाबून भरलेली असते. वरून दोन्ही सारखीच दिसतात, परंतु त्यांची दुखणी वेगळी आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर एक नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर आहे आणि दुसरे ऑक्सिजनचे. ऑक्सिजन सिलिंडरमध्ये केवळ वायू असतो. तो जसजसा खर्च होतो तसतसा दाबमापकाचा काटा उतरतो, आणि काट्यावरून शिल्लक कळते. नायट्रस मात्र सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत काटा जागचा हालत नाही आणि द्रव संपला की एकदम कोसळतो. म्हणून भूलतज्ज्ञ नायट्रसचे सिलिंडर वजन करून तपासतात. घरचा स्वयंपाकाचा गॅस किती उरला हे आपल्या गृहिणी टाकी हलवून बघतात, त्यामागचे तत्त्वही हेच. कार्बन डायऑक्साइडची कुपी याच वर्गातली. तिच्यात किती वायू आहे हे जाणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वजन. दवाखान्यातील किंवा सोनाराकडील बारीक काटा त्यासाठी उत्तम. जाता जाता एक गंमत: त्या अंगठ्याएवढ्या कुपीतील १२ ग्रॅम वायू मोकळा झाला की सुमारे साडेसहा लिटर भरतो. लॅपरोस्कोपीसाठी पोट फुगविण्यास आपण जेवढा वायू वापरतो, त्याहून हा अधिकच आहे.

द्रव आणि वायू शेजारी नांदत असताना त्यांचा दाब फक्त तापमानावर ठरतो. शून्य अंशावर तो सुमारे ३५ बार असतो, १० अंशांवर ४५, २० अंशांवर ५७ आणि ३० अंशांवर ७२. याचा अर्थ असा की जानेवारीत पहाटे ओसरीवर सराव करणार्‍या मुलाचे पिस्तूल आणि ऑक्टोबरात दुपारी सराव करणार्‍या मुलाचे पिस्तूल ही जणू दोन निराळी पिस्तुले आहेत. थंडीत छर्रा खाली लागतो, म्हणून मुलगा नेम वर करतो. ऊन चढले की तोच नेम त्याला फसवितो. शिवाय प्रत्येक बाराबरोबर थोडा द्रव वायू होतो व त्यासाठी लागणारी उष्णता पिस्तुलातूनच खेचून घेतो. भराभर दहा बार केले की नळीखालचा भाग हाताला गार लागतो, दाब उतरतो आणि छर्रे क्रमाक्रमाने खाली सरकतात. पालक म्हणतात, पिस्तूल खराब झाले. त्याला झालेले काही नसते. दोन बारांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, एवढाच उपचार. नेमबाजीच्या दृष्टीनेही ते हिताचेच, कारण साठ बारांसाठी नियमाने पाऊणशे मिनिटे मिळतात; घाई कुणी सांगितली?

उन्हाळ्याची कथा याहून विलक्षण आहे, आणि आपल्या भागात तीच महत्त्वाची. गेल्या मे महिन्यात एक शेतकरी गृहस्थ मुलाला घेऊन आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सकाळी बरोबर चालते जी. दुपारी नवी कुपी लावली की छर्रा निघतच नाही. गॅस तर भरून आहे.” मुलाने बाहेरच्या मोटारसायकलच्या डिकीतून पिस्तूल आणले, ते हातात धरवत नव्हते.

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१.१ अंश सेल्सिअस आहे. त्यापुढे कितीही दाबले तरी तो द्रवरूपात राहत नाही. द्रव आणि वायू हा भेदच मिटतो. अशा स्थितीत भरलेल्या कुपीतील दाब अंशागणिक झपाट्याने चढतो. हा वाढलेला दाब झडपेला मागून आणखी घट्ट मिटवून धरतो. घोड्याची स्प्रिंग मात्र तीच, तिची ताकद तेवढीच. परिणामी घोडा आपटतो, झडप जेमतेम उघडते किंवा उघडतच नाही, आणि वायू अधिक असूनही छर्रा क्षीण निघतो अथवा नळीत अडकून बसतो. गॅस कमी झाला असे समजून लोक दुसरी कुपी लावतात, किंवा स्प्रिंग बदलावयास निघतात. दोन्हीची गरज नसते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल अर्धा-पाऊण तास सावलीत, घरातल्या गार खोलीत ठेवावे. बर्फावर ठेवू नये; आत पाणी धरते. गार झाल्यावर नळीत छर्रा अडकला आहे का हे पाहूनच पुढचा बार करावा. त्या मुलाचे पिस्तूल माझ्या तपासणीच्या खोलीत कूलरसमोर पाऊण तास राहिले आणि काही न करता पूर्ववत झाले. त्यात माझे कौशल्य शून्य.

यावरून हेही ध्यानी येईल की मे महिन्यात भरलेल्या कुप्या मोटारीच्या काचेखाली किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवणे हा अविचार आहे. उष्ण प्रदेशांत नायट्रसचे सिलिंडर थंड देशांपेक्षा कमी भरतात. हेतू हाच की तापल्यावर पसरण्यास जागा राहावी. आपली कुपी मात्र कारखान्यातून भरून येते, तिला मोहगावचा उन्हाळा ठाऊक नसतो. आणि अग्निशामकाच्या सिलिंडरमधून रिकाम्या कुप्या पुन्हा भरण्याची युक्ती कुणी सांगितल्यास तिच्या वाटेला मुळीच जाऊ नये. ती कुपी एकदाच वापरण्यासाठी घडविलेली असते.

दुसर्‍या क्रमांकाची तक्रार म्हणजे गळती. रात्री कुपी लावली, सकाळी पिस्तूल रिकामे. येथे आपली सवय कामी येते: आधी इतिवृत्त, मग तपासणी, शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी. कुपी लावतानाच फुसफुस झाली की नंतर? किती दिवसांत रिकामी होते? मागे कुणी तेल घातले होते का, कोणते? एवढ्यानेच अर्धे निदान होते. तपासणीपूर्वी नळीत छर्रा नाही आणि घोडा चढलेला नाही याची खात्री करावी. मग शांत खोलीत कान द्यावा. मी तर सरळ स्टेथोस्कोपचा डायाफ्राम लावून ऐकतो. बारीक गळतीचा सूर त्यात स्पष्ट उमटतो. त्यानंतर सांध्यांवर साबणाच्या पाण्याचा एकेक थेंब सोडावा आणि बुडबुडा कोठे फुगतो ते पाहावे. कुपीच्या मानेशी फुगला तर तेथील वॉशर गेले. चापाच्या वरच्या अंगाला, झडपेच्या घराभोवती फुगला तर तेथील ओ-रिंग. सांधे कोरडे आणि तरीही वायू जातो, तर तो झडपेतून नळीत झिरपत असणार. नाकपुडीतील हवेचा प्रवाह पाहण्यासाठी आपण कापसाचा तंतू धरतो, तसाच तंतू बाजूने, चिमट्यात धरून, नळीच्या तोंडाशी न्यावा. तो हलला की निदान झाले. नळीत डोकावून पाहण्याचा मोह मात्र कोणत्याही कारणाने होऊ देऊ नये.

या तिन्ही ठिकाणी दोषी असते ती रबराची लहानशी कडी किंवा वॉशर. बॉइल यंत्रावर सिलिंडर आणि योक यांच्यामध्ये बोडोक सील नावाची चकती असते, ती फाटली की सिलिंडर भरलेला असूनही वायू वाया जातो. हे भूलतज्ज्ञांनी अनेकदा पाहिले असेल. घरच्या कुकरची रिंग कडक झाली की शिटी होत नाही, हे सर्वांनी पाहिले आहे. पिस्तुलातील कडी त्यांचीच धाकटी बहीण. तिचे एक खास दुखणे मात्र सांगण्याजोगे आहे. कार्बन डायऑक्साइड दाबाखाली रबरात मुरतो. दाब एकदम सोडला की मुरलेला वायू आतल्या आत बुडबुडे धरतो, कडी फुगते, कधी तिला सूक्ष्म चिरा पडतात. खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या पाणबुड्याच्या शरीरात जे घडते, तेच. म्हणून कुपी काढताना स्क्रू एकदम सोडू नये. पाव-पाव फेरा, फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत. सुटणारा वायू कातडीला लागू देऊ नये, त्याने थंडीचा चटका बसतो. काढलेली कडी फुगलेली दिसली तर लगेच फेकू नये. रात्रभर उघडी ठेवावी, पुष्कळदा सकाळी ती मूळ मापावर येते.

कडी बदलावीच लागली तर व्हर्नियरने आतला व्यास आणि जाडी मोजून घ्यावी. नळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारे मऊ वॉशर चार दिवस टिकते. येथे अधिक कठीण रबराची कडी लागते, ती हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात मिळते. जुनी कडी काढताना सुई वापरू नये. खाचेवर उमटलेला एक ओरखडा नव्या कडीलाही गळका ठेवतो. दात कोरावयाची लाकडी काडी सर्वांत चांगली.

तेलाविषयी आपल्याकडे फार औदार्य आहे. शिलाई मशीनचे तेल, खोबरेल, मोटारसायकलचे ऑइल, गंज काढण्याचा फवारा, सर्व काही पिस्तुलात घातलेले मी पाहिले आहे. त्यातील काही द्रव्ये रबर फुगवितात, काही धूळ धरून चिकट गोंद होतात. शुद्ध सिलिकॉन तेलाचा एक थेंब, तोही नव्या कुपीच्या टोकावर, दर चार-पाच कुप्यांमागे एकदा, एवढे पुरे. वायू स्वतःच तो थेंब आतल्या कड्यांपर्यंत पोहोचवितो. नळीच्या आत तेल मुळीच नको. तेथे नमद्याचे तयार गोळे ओढावेत, पितळी ब्रश घालू नये.

दाबलेल्या हवेच्या पिस्तुलाकडे वळतो. १९९० च्या दशकात स्पर्धेतील नेमबाज कार्बन डायऑक्साइड सोडून या जातीकडे वळले, त्याचे कारण वर आलेच आहे: हवेला ऋतूंचे लाड लागत नाहीत. तिचा दाब एका नियामकातून सारखा होऊन झडपेकडे येतो, आपल्या ऑक्सिजन रेग्युलेटरसारखाच. येथली दुखणी दोन. पहिले पाणी. हातपंपाने पावसाळ्यात हवा भरली की हवेतील बाष्पही दाबले जाऊन आत पाणी होते, आणि वर्षभरात नियामकात गंज किंवा पांढरा क्षार बसतो. पंपाच्या वाटेवर सिलिका जेलची नळी असेल तर तिचा रंग पाहावा आणि बदललेला असल्यास दाणे बदलावेत. हवा सावकाश भरावी. झपाट्याने भरली की सिलिंडर तापते, काटा पूर्ण दाखवितो आणि गार झाल्यावर उतरतो.

दुसरे दुखणे पिस्तुलाचे नव्हे, ते आपले आहे, आणि या लेखाचे निमित्तही तेच. २०२१ च्या कोविड लाटेनंतर अनेक लहान दवाखान्यांत, काही घरांतही, ऑक्सिजनचे सिलिंडर उरले आहेत. स्कूबाचे हवेचे सिलिंडर आपल्याकडे कोठून मिळणार? हातपंप मारताना खांदे भरून येतात. तेव्हा एका समव्यवसायी मित्रांनी मला सहज विचारले, “आपल्याकडे भरलेला ऑक्सिजन पडून आहे, तोच का भरू नये? शेवटी वायूच ना?” सूज्ञ माणसाच्या मनात येणारा हा प्रश्न आहे, म्हणूनच धोक्याचा.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, उरलेला बहुतांश नायट्रोजन, जो जळण्यात भाग घेत नाही. शुद्ध ऑक्सिजन उच्च दाबाखाली आला की ज्या वस्तू हवेत पेटत नाहीत त्याही पेटतात: वंगण, रबर, धूळ, प्रसंगी धातूसुद्धा. सिलिंडरची तोटी उघडताच वायू अरुंद नळीत धावतो, पुढे अडतो आणि त्या क्षणी दाबला जाऊन प्रचंड तापतो. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम लागते, तीच क्रिया येथे शेकडो पटींनी. पिस्तुलाच्या आत वंगणाचा लेप आणि रबराच्या कड्या तयारच असतात. ठिणगीची गरज उरत नाही. ऑक्सिजन रेग्युलेटरवर तेल किंवा ग्रीस लावू नये, अशी सूचना आपण सर्वांनी वाचली आहे. तिचे कारण हेच. फरक इतकाच की रेग्युलेटर भिंतीपाशी असतो आणि पिस्तूल मुलाच्या हातात, चेहर्‍यापासून हातभर अंतरावर. तेव्हा ऑक्सिजन नको, आणि पूर्वी ऑक्सिजनसाठी वापरलेली नळी किंवा जोडही पिस्तुलाला नको. मित्रांनी ते मानले. त्यांच्या मुलाने आता पंप मारूनच दंड कमावले आहेत.

पेट घेणार्‍या वायूंचे तर नावही नको. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ-विदिशा भागात कॅल्शियम कार्बाइड व पाणी घालून वाजविण्याच्या प्लास्टिक नळीच्या बंदुकांनी अनेक मुलांचे डोळे भाजले. संत्र्याच्या बागेतून माकडे हाकलण्याचे हे साधन मुलांच्या हाती खेळणे म्हणून आले. लोक त्यालाही ‘गॅसची बंदूक’च म्हणतात. दवाखान्यात रुग्ण आला तर नेमकी कोणती, हे विचारून घ्यावे. कार्बाइडने पोळलेल्या डोळ्यात चुन्याचे कण असतात आणि तो आधी भरपूर पाण्याने धुवावा लागतो. छर्रा लागलेला डोळा मात्र दाबू नये, चोळू नये, धुण्याच्या भरीस पडू नये, वर कठीण आवरण ठेवून तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावा.

छर्‍यांविषयी थोडेसे. डबी पडली की छर्‍यांची मागची मऊ झालर चेपते आणि असा छर्रा वाटेल तिकडे जातो. सराव चांगला असूनही गुण विखुरले तर आधी डबी बदलून पाहावी. छर्रे शिशाचे असतात. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज मुलांनी डब्याला हात लावू नये.

यांत्रिक बिघाड कुणाला चुकले आहेत? टोकियो येथे २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकर हिच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या दुसर्‍या मालिकेतच बिघाड झाला. दुरुस्तीत बराच वेळ गेला, उरलेले बार तिला घाईने करावे लागले. ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तेथे तज्ज्ञ आणि सुटे भाग हाताशी होते, तरी ही गत. भोपाळला किंवा पुण्याला स्पर्धेस निघालेल्या आपल्या मुलाच्या पेटीत निदान कड्यांचा एक संच, सिलिकॉन तेलाची लहान बाटली, षटकोनी चाव्या आणि विद्युत चाप असल्यास नव्या बॅटर्‍या असाव्यात. आणि निघण्याच्या आदल्या रात्री पिस्तूल उघडू नये. जे चालू आहे ते आठ दिवस आधी तपासून बंद करावे.

झडपेचे घर, नियामक आणि चापाची अंतर्गत रचना यांना मी हात लावीत नाही. स्पर्धेत चापाला किमान ५०० ग्रॅम भार पेलावा लागतो. घरी तो हलका केला तर मुलगा तपासणीत बाद होतो, आणि पिस्तूल धक्क्यानेही सुटू शकते. ते काम नागपूरला कारागिराकडेच.

कायद्याचेही एक वाक्य. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या वायुशस्त्रास परवाना लागत नाही. मात्र याचा अर्थ ते बागेतील पोपटांवर चालवावे असा नाही. पोपट हा वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित पक्षी आहे.

शेवटी सिलिंडरची मुदत. हवेच्या पिस्तुलाच्या सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि स्पर्धेच्या नियमानुसार ते जास्तीत जास्त दहा वर्षे वापरता येते. जुने पिस्तूल विकत घेताना लोक नळी पाहतात, मूठ पाहतात, ही तारीख कुणी पाहत नाही. ती आधी पाहावी. मुदत संपलेली असल्यास नव्या सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करावा. मुदतबाह्य सिलिंडर हवा पूर्ण सोडून, तोटी काढून मगच भंगारात द्यावे, म्हणजे भंगारवाल्याच्या भट्टीपाशी कुणाला इजा होणार नाही.